दातांच्या खुर्चीतून मनाची चौकशी

दातांच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीबरोबर माणसाच्या मनाचीही चौकशी व्हावी, असा विचार ब्रिटनमध्ये अलीकडे पुन्हा पुन्हा मांडला जातो. त्यामागचा हिशेब सरळ आहे. धडधाकट माणूस डॉक्टरकडे फिरकत नाही, पण दात दाखवायला ठरल्या वेळी येतो. त्याच खुर्चीत तो वर्षानुवर्षे बसतो. शिवाय नैराश्य, खाण्याचे विकार आणि सततचा ताण यांच्या खुणा तोंडात उमटतात. मग दंतवैद्यानेच दोनचार प्रश्न विचारून पुढची वाट दाखवली तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे, पण तो आजच निघाला असे समजणे चूक ठरेल. तोंड आणि मन यांची सांगड वैद्यकाने शंभर वर्षांपूर्वी एकदा घातली होती, आणि तिची किंमत कित्येक मनोरुग्णांनी दात गमावून, काहींनी जीव गमावून मोजली. त्यानंतर वैद्यक दुसऱ्या टोकाला गेले आणि मनोरुग्णाला तोंड असते हेच विसरले. या दोन्ही चुका समोर ठेवल्याशिवाय आजच्या प्रस्तावाचे मोल ठरवता येत नाही. त्या ठेवल्या, तर माझ्या मते निष्कर्ष असा निघतो की दंतवैद्याने मनाकडे लक्ष जरूर द्यावे, पण प्रत्येकाच्या हाती गुणांची प्रश्नावली देऊन नव्हे. आणि त्याहून आधी मनोरुग्णालयांनी आपल्या रुग्णांच्या तोंडाकडे पाहावे.

हा इतिहास पाहायला लंडनच्या पश्चिमेचे, थेम्सकाठचे रीडिंग शहर सोयीचे आहे. एकोणिसाव्या शतकात हे शहर बिअर, बियाणे आणि बिस्किटे यांसाठी ओळखले जाई. सायमंड्सची बिअर, सटनचे बियाणे आणि हंटली अँड पामर्सची बिस्किटे. यांतल्या बिस्किटांचे पत्र्याचे डबे हिंदुस्थानातही पोचले होते. रॉयल बर्कशायर रुग्णालय १८३९ मध्ये उघडले आणि दोनच वर्षांनी इथल्या डॉक्टरांनी रीडिंग पॅथॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. म्हणजे शरीराच्या आजारांची सोय शहरात लवकर झाली. मनाच्या आजारांची सोय मात्र शहराबाहेर. १८४५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला वेड्यांचे इस्पितळ सक्तीचे केले, तेव्हा बर्कशायरने आधी शेजारच्या ऑक्सफर्डच्या लिटलमोर इस्पितळात वाटा उचलला. पुढे १८७० मध्ये थेम्सच्या काठी चोल्सी गावाजवळ स्वतःचे मोल्सफर्ड असायलम उघडले. रीडिंग आणि न्यूबरी ही शहरेही त्यात भागीदार होती. तेच पुढे फेअर माइल हॉस्पिटल झाले आणि २००३ पर्यंत चालले. रीडिंगच्या कित्येक पिढ्यांचे मनोरुग्ण आगगाडीने तिकडे जात राहिले. शहराच्या दुसऱ्या बाजूला, क्रोथॉर्नला, ब्रॉडमूरचे गुन्हेगार मनोरुग्णांचे इस्पितळ १८६३ पासून होते. दोन्ही इस्पितळांची जुनी दफ्तरे आज रीडिंगमध्येच जपलेली आहेत.

त्या काळच्या इस्पितळात रुग्ण दाखल झाला की मनाच्या स्थितीइतकीच शरीराच्या स्थितीची नोंद करणे कायद्याने बंधनकारक होते. वजन, जखमा, छाती, जीभ, नाडी हे सगळे लिहिले जाई. शरीर आणि मन वेगळे नाहीत ही समज आधुनिक आहे असे आपण मानतो, पण व्हिक्टोरियन इस्पितळाचा डॉक्टर ती रोज कागदावर उतरवत होता. रुग्णांनाही ती होतीच. ऑस्कर वाइल्ड रीडिंगच्या तुरुंगात असताना त्याने २ जुलै १८९६ रोजी गृहमंत्र्यांना जो अर्ज लिहिला, त्यात आपले डोके फिरेल ही भीती आणि कान व डोळे निकामी होत असल्याची तक्रार एकाच कागदावर मांडली आहे. त्याची सुटका लवकर झाली नाही, पण वाचायला अधिक पुस्तके आणि लिहायला साहित्य मिळाले. दुखणारा कान आणि ढासळणारे मन यांना वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवावे, हे त्या कैद्याला सुचले नव्हते.

दात मात्र या सगळ्यापासून थोडे दूर राहिले, आणि त्याला धंद्याचा इतिहास कारण आहे. इंग्लंडमध्ये दात उपटणे हे न्हाव्याचे, औषधविक्याचे, कधी लोहाराचेही काम होते. १८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली, पण नोंद नसलेल्याला दात काढण्यापासून कोणी अडवत नव्हते. ती बंदी १९२१ च्या कायद्याने आली. म्हणजे ज्या काळात मनोविकारशास्त्र स्वतःला वैद्यकाची प्रतिष्ठित शाखा म्हणून उभे करत होते, त्या काळात दंतवैद्यक अजून कारागिरीतून बाहेर पडण्याच्या धडपडीत होते. प्रतिष्ठेसाठी धडपडणारे हे दोन्ही व्यवसाय जिथे भेटले, तिथेच पहिला अनर्थ घडला.

लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९०० मध्ये असे मांडले की तोंडातला पू आणि सडके दात हे शरीरातल्या अनेक रोगांचे मूळ आहे. १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांनी हेच अधिक कडक शब्दांत सांगितले आणि सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांना झोडपले. अमेरिकेत हा विचार झपाट्याने पसरला. शरीराच्या एका कोपऱ्यातला जंतुसंसर्ग रक्तावाटे दुसरीकडे विष पोचवतो, तेव्हा तो कोपराच काढून टाका, असे त्याचे सूत्र होते. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने ते मनाला लावले. वेड म्हणजे मेंदूला पोचलेले विष, आणि विषाचा सगळ्यात जवळचा साठा म्हणजे दात. म्हणून त्याने दात काढायला सुरुवात केली. दात काढून गुण आला नाही की टॉन्सिल, मग सायनस, मग मोठ्या आतड्याचे तुकडे. पुढे आजार होऊ नये म्हणून त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले. आपण ८५ टक्के रुग्ण बरे करतो असे तो सांगे. आतड्याच्या शस्त्रक्रियेत त्याने स्वतःच कबूल केलेला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता.

कॉटन १९२३ मध्ये इंग्लंडला आला आणि तिथल्या मनोविकारतज्ज्ञांसमोर बोलला. १९२७ मध्ये एडिंबरोच्या सभेत पुन्हा बोलला, तेव्हा बर्कली मॉयनिहनसारख्या नामवंत शल्यविशारदाने त्याची तोंडभर स्तुती केली. बर्मिंगहॅमच्या रूबरी हिल आणि हॉलीमूर इस्पितळांचे प्रमुख टी. चिव्हर्स ग्रेव्ह्ज यांनी स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला होता. पुढे ते रॉयल मेडिको-सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्षही झाले. देशभरच्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलने दडलेला संसर्ग शोधण्यास प्रोत्साहन दिले. मनोरुग्णालयात दंतवैद्य येऊ लागला तो याच वाऱ्यावर. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्रिटनच्या इतिहासात दंतवैद्यक आणि मनोविकारशास्त्र यांची पहिली मोठी हातमिळवणी रुग्णाच्या दुखऱ्या दाढेपोटी झाली नव्हती, वेडाचे कारण हाती लागल्याच्या खात्रीपोटी झाली होती.

त्या डॉक्टरांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर एक जबरदस्त उदाहरण होते. मनोरुग्णालयांतल्या पुरुषांचा मोठा हिस्सा ‘जनरल पॅरालिसिस’ या असाध्य वेडाने मरत असे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचा जंतू दाखवला. एक पक्के वेड जंतूंमुळे होते हे सिद्ध झाल्यावर बाकीचीही तशीच असतील, हा तर्क त्या घडीला मुळीच वेडगळ नव्हता. त्याच आजारावर मलेरियाचा ताप देऊन उपचार करणाऱ्या वाग्नर-याउरेगला १९२७ मध्ये नोबेल मिळाले. जिथे वर्षानुवर्षे रुग्णाला कोंडून ठेवण्यापलीकडे काहीच करता येत नव्हते, तिथे काहीतरी करता येते ही आशाच मोठी होती. कित्येक रुग्णांची तोंडे खरोखरच सडलेली होती आणि ती साफ झाल्यावर त्यांना बरे वाटले असणार, हेही नाकारता येत नाही.

खोट निघाली ती तुलनेत. न्यूयॉर्कमध्ये कोपेलॉफ आणि कर्बी यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला साधीच गोष्ट केली. सारख्या रुग्णांचे दोन गट केले, एकाचा संसर्ग काढला, दुसऱ्याचा काढला नाही. दोन्ही गटांच्या सुधारण्यात फरक पडला नाही. ट्रेंटनच्या रुग्णांचा माग काढायला फिलिस ग्रीनेकर या डॉक्टरणीला पाठवले गेले. कॉटनचे दावे टिकत नाहीत हे तिच्या अहवालात स्पष्ट होते, पण तिला पाठवणाऱ्या अडॉल्फ मेयर यांनीच तो अहवाल दाबून ठेवला. कॉटन १९३३ मध्ये वारला. या सगळ्यात रुग्णांना कोणी विचारलेच नव्हते. ज्याला वेडा ठरवले आहे त्याचा नकार हेही वेडाचेच लक्षण मानले जाई, त्यामुळे खुर्चीत बसवलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. या प्रकरणातून मला तीन गोष्टी आजच्यासाठी उचलाव्याशा वाटतात: तुलनेशिवायचा दावा, दडवलेला पुरावा आणि संमतीचा अभाव. पैकी तिसरी सगळ्यात गंभीर, कारण पहिल्या दोन चुका वैद्यक आज उशिरा का होईना पकडते. संमतीकडे मात्र घाईत अजूनही डोळेझाक होते.

संसर्गाचा सिद्धांत ओसरल्यावर व्हायला हवे होते ते असे, की दात काढण्याचा उत्साह जावा आणि तोंडाची काळजी राहावी. झाले उलटे. एकदा दातांचा वेडाशी संबंध नाही असे ठरल्यावर मनोविकारतज्ज्ञांचे दातांकडे पाहण्याचे कारणच संपले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. फेअर माइल तिच्यात आले, दातांचे उपचारही आले, पण वेगवेगळ्या दारांनी. कवळ्यांसाठी इतकी रीघ लागली की तीनच वर्षांत सरकारला त्यांवर शुल्क लावावे लागले आणि त्यावरून अन्युरिन बेव्हनने १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. अशा देशात मनोरुग्णालयातल्या बोळक्या तोंडाकडे कोण निराळे म्हणून पाहणार?

याच काळात मनोविकारांवर खरी औषधे आली. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन, त्या दशकाच्या अखेरीस इमिप्रामिन. त्यांनी असंख्य माणसांना इस्पितळाच्या भिंतीबाहेर आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण यांतली बरीचशी औषधे लाळ आटवतात, आणि लाळ आटणे दातांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. लाळ आम्ल धुऊन काढते, दातांतून निघून गेलेले खनिज परत देते. ती कमी झाली की दंतवैद्याचा आरसा गालाच्या आतल्या बाजूला चिकटतो, जिभेवर फेसाळ धागे दिसतात, आणि कीड एरवी जिथे लागत नाही तिथे, हिरडीलगतच्या मुळांना लागते. कोरड पडली म्हणून रुग्ण गोड चहा, सरबते, गोळ्या चघळतो, की कीड दुप्पट वेगाने चालते. शतकभरापूर्वी वेड बरे करण्यासाठी दात गेले. आता वेडावरच्या औषधांनी जाऊ लागले आणि कोणी मोजत नव्हते. मोजले तेव्हा चित्र विदारक निघाले. स्टीव्ह किसली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्रीत प्रसिद्ध केलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, गंभीर मनोविकार असलेल्यांमध्ये सगळे दात गमावण्याचा संभव इतरांच्या सुमारे ३.४ पट होता. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये एकूण बोळक्या तोंडांचे प्रमाण २००९ पर्यंत ६ टक्क्यांवर आले होते. म्हणजे देशाची दातांची स्थिती सुधारली, पण मनोरुग्ण मागेच राहिले.

तोंडाकडून मनाकडे जाणारी वाट पुन्हा उघडली ती एका वेगळ्या आजारामुळे, आणि इथे दंतवैद्यांचे काम खरोखर मोलाचे आहे. १९७७ मध्ये हर्स्ट, लेसी आणि क्रिस्प यांनी अन्न नाकारण्याचा विकार असलेल्या १७ रुग्णांच्या दातांचा अभ्यास छापला. ज्या स्त्रिया गुपचूप उलट्या करत, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजलेली होती. नेहमीच्या किडीसारखे खड्डे नाहीत. पृष्ठभाग गुळगुळीत, कडा पातळ आणि काचेसारख्या पारदर्शक. दाढांत पूर्वी भरलेली चांदी बेटासारखी वर उठून दिसे, कारण भोवतालचा दातच झिजून खाली गेलेला असे. आरशाशिवाय ही बाजू आईला, मैत्रिणीला, नेहमीच्या डॉक्टरलाही दिसत नाही; ती फक्त दंतवैद्याला दिसते. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, जेराल्ड रसेल यांनी बुलिमिया नर्व्होसाचे पहिले रीतसर वर्णन केले. वजन ठीक, चेहरा ठीक आणि आजार लपलेला, अशा या विकारात दात हा बोलका पुरावा ठरला. १९७७ च्या अभ्यासातल्या लेसींनीच पुढे १९९९ मध्ये मॉर्गन आणि रीड यांच्यासह पाच प्रश्नांची ‘स्कॉफ’ नावाची छोटी चाचणी बनवली. आज ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेच्या २०१७ च्या सूचनांत, दातांची नेहमीपेक्षा वेगळी झीज दिसल्यास खाण्याच्या विकाराची शंका घ्यावी असे लिहिले आहे. पण त्याच सूचना हेही बजावतात की एकट्या स्कॉफसारख्या चाचणीवर निदान सोडू नये. खूण पाहा, माणसाशी बोला, गुणांवर विसंबू नका, असा त्यांचा क्रम आहे. मला तो सर्वस्वी योग्य वाटतो.

दंतवैद्यांच्या हाती स्वतःचीही एक प्रश्नावली आहे. दातांच्या उपचारांची भीती मोजायला अमेरिकेतील नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये चार प्रश्न तयार केले. १९९५ मध्ये हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी त्यांत सुईची भीती घालून पाच केले. ब्रिटनमधल्या २००९ च्या पाहणीत सुमारे १२ टक्के प्रौढांची भीती या मापात अतितीव्र निघाली. ही प्रश्नावली उपयोगी ठरते, कारण तिचे उत्तर मिळाल्यावर काय करायचे ते दंतवैद्याच्या हातात असते: हळू जाणे, थांबण्याची खूण ठरवणे, गुंगीचे औषध देणे, भीती घालवणाऱ्या उपचारांकडे पाठवणे. इथे प्रश्नामागे उपाय उभा आहे. नैराश्याची प्रश्नावली त्याच खुर्चीत दिली तर तसा उपाय उभा असतो का, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणी तपासणीचे जे निकष लिहिले, त्यांत मान्य उपचार आणि निदान-उपचारांची प्रत्यक्ष सोय या दोन्ही अटी आहेत. तिरुवनंतपुरमला लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासण्याची मोठी चाचणी झाली. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मिश्री आणि गुटख्याच्या महाराष्ट्राने हे उदाहरण विसरू नये. पण ते यशस्वी झाले कारण डाग दिसला की बायॉप्सी होती, शस्त्रक्रिया होती. मनाच्या बाबतीत हिशेब अधिक निसरडा आहे. समजा एका दवाखान्यात १,००० प्रौढ येतात आणि त्यांतल्या १०० जणांना नैराश्य आहे. प्रश्नावली आजारी असलेल्यांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगींपैकी ८५ टक्क्यांना बरोबर सोडते असे धरू. हे माप वाईट नाही. मग ८० आजारी सापडतील, २० निसटतील, आणि निरोगी ९०० पैकी १३५ जणांवर नाहक शिक्का बसेल. नाव आलेल्या २१५ माणसांत खरे आजारी जेमतेम एक तृतीयांशाहून थोडे अधिक. या सगळ्यांना दंतवैद्य कुठे पाठवणार? ब्रिटनच्या राष्ट्रीय चाळणी समितीने सरसकट प्रौढांमध्ये नैराश्य शोधण्याची शिफारस केलेली नाही, ती याच धर्तीच्या विचाराने. अमेरिकेच्या समितीने २००९ मध्ये शिफारस केली, तीही मागे आधाराची यंत्रणा असेल तरच.

यावर प्रस्तावाचे पुरस्कर्ते म्हणतील की २० निसटले तरी ८० सापडले, आणि त्यांतल्या एकाचा जीव वाचला तर १३५ जणांची दोन मिनिटांची चिंता ही काय किंमत? या युक्तिवादात करुणा आहे, आणि तो मी हलक्याने झटकत नाही. पण किंमत दोन मिनिटांची नसते. शिक्का कागदावर राहतो, घरी चर्चा होते, आणि रांगेत निरोगी माणसे वाढली की आजारी माणसाचा नंबर मागे जातो. शिवाय १९२० च्या दशकातही असेच म्हटले जात होते, की काही थोड्यांना त्रास झाला तरी अनेकांचे भले होते. ‘अनेकांचे भले’ मोजून दाखवल्याशिवाय ‘थोड्यांचा त्रास’ कोणाच्या माथी मारू नये, एवढे तरी ट्रेंटनने शिकवले पाहिजे.

दुसरा आक्षेप दंतवैद्यांचा स्वतःचा आहे: आम्हाला हे शिकवलेले नाही, आणि वेळही नाही. शिकवण्याचा भाग सुटण्यासारखा आहे. वेळेचा भाग पैशांशी बांधलेला आहे. २००६ च्या करारापासून इंग्लंडमध्ये सरकारी दंतवैद्याला केलेल्या कामाच्या एककांवर मोबदला मिळतो. साध्या तपासणीला एक एकक, कवळीला बारा. बोलण्याला शून्य. या हिशेबात बसून मन जाणून घ्या असे सांगणे म्हणजे जबाबदारी टाकणे आणि साधन काढून घेणे होय. बोलण्याचा वेळ करारात मोजला जाईपर्यंत दंतवैद्याकडून आरशात दिसणारी खूण ओळखण्याची आणि एक नीट प्रश्न विचारण्याची अपेक्षा रास्त आहे. त्याहून अधिक नाही.

मला सर्वांत वजनदार वाटतो तो तिसरा आक्षेप. ज्याला खरी गरज आहे तो दातांच्या दवाखान्यात येतच नाही. नैराश्यात दात घासणेही डोंगराएवढे होते, अपॉइंटमेंट पाळणे दूरच. संसदेच्या आरोग्य समितीने २०२३ मध्ये सरकारी दंतसेवा मिळणे हेच संकट झाल्याचे नोंदवले. दवाखान्यातल्या चाळणीतून जाणार तो मुख्यतः स्थिरस्थावर, वेळ पाळणारा माणूस. म्हणून वाट उलट्या दिशेने आधी चालली पाहिजे, मनाच्या दवाखान्यातून तोंडाकडे. २०२२ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या ‘राइट टू स्माइल’ या सहमती-निवेदनाने गंभीर मनोविकार असलेल्यांच्या मुखारोग्याची जी मागणी केली, ती मला या सगळ्या चर्चेतली सर्वांत तातडीची वाटते.

रीडिंगमध्ये हे अशक्य नाही. फेअर माइल बंद झाले त्याच वर्षी, २००३ मध्ये, प्रॉस्पेक्ट पार्क हॉस्पिटल शहरातच उभे राहिले. मनोरुग्ण नदीकाठच्या दूरच्या इमारतीतून वस्तीत परत आला. रीडिंग विद्यापीठातली चार्ली वॉलर इन्स्टिट्यूट बोलण्यातून उपचार करणारे तज्ज्ञ घडवते. २००८ मध्ये देशभर सुरू झालेल्या आणि आता ‘टॉकिंग थेरपीज’ म्हटल्या जाणाऱ्या सेवेचे उद्दिष्ट असे आहे की ७५ टक्के लोकांचे उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावेत. दंतवैद्याच्या एका प्रश्नामागे उभा राहील असा उपाय इथे निदान आहे. थेम्स व्हॅलीतल्या संगणक कंपन्यांच्या नोकऱ्यांमुळे या भागात मराठी कुटुंबेही आली आहेत, आणि त्यांच्यासाठी हा मुद्दा अधिक नाजूक आहे. घरी ‘येरवड्याला पाठवायला हवं’ असे सहज बोलले जाते, त्यामुळे मानसोपचाराचे नाव काढणे जड जाते. आपला माणूस ‘झोप लागत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘जबडा आवळल्यासारखा होतो’ असे सांगतो. इंग्रजी गुणपत्रिकेत हे बसेलच असे नाही. पण झिजलेल्या दाढा पाहून दंतवैद्याने ‘रात्री दात खाता का, झोप कशी आहे?’ असे विचारले, तर तोच माणूस मोकळा होऊ शकतो. तिथे शिक्का नसतो आणि नकाराची जागा असते, म्हणून ते विचारणे योग्य.

प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येकाचे तोंड, त्याच्या संमतीने, पहिल्या आठवड्यात तपासले जावे आणि लाळ आटवणारे औषध लिहिताना दंतवैद्याची वेळही लिहून दिली जावी, ही मागणी शहरातल्या रुग्णांनी आणि नातेवाइकांनी लावून धरायला हवी. सरसकट प्रश्नावलीची घाई तोवर थांबू शकते. आणि ज्या वाचकाला दंतवैद्याच्या प्रश्नाची वाट पाहायची नाही, त्याने हे जाणून असावे की इंग्लंडमध्ये टॉकिंग थेरपीजसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. प्रौढ माणसाला स्वतःचे नाव स्वतःच नोंदवता येते.